तटबंद नगरीची पत

चीन पाहावयास निघालेला आपल्याकडील प्रवासी बीजिंगचा राजवाडा, महाभिंतीचा एखादा डागडुजी केलेला भाग, शीआनजवळचे मातीचे सैन्य आणि शांघायची रोषणाई एवढे आठवडाभरात उरकून परततो. ही स्थळे थोर आहेत यात शंका नाही. परंतु ती सारी सम्राटांची, सेनापतींची अथवा अलीकडच्या भांडवलाची स्मारके आहेत, आणि ज्या साध्या तालुक्याच्या गावांच्या आधाराने त्या अवाढव्य देशाचा वसूल, न्याय व व्यापार शतकानुशतके चालत आला, त्या गावाचे दर्शन त्यांपैकी एकाही ठिकाणी घडत नाही. ते ज्याला घ्यावयाचे असेल त्याने आपल्या प्रवासातून दोन दिवस काढून शान्सी प्रांतातील पिंगयाओ या गावी अवश्य जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ताययुआन या प्रांतिक राजधानीच्या नैर्ऋत्येस सुमारे ९० किलोमीटरांवर, फेन नदीच्या खोऱ्यात, वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या मातीच्या सपाटीवर हे गाव वसलेले आहे. बीजिंगहून वेगवान आगगाडीने चार-साडेचार तासांत तेथे पोचता येते. आगगाडीचे स्थानक जुन्या गावापासून दूर ठेवलेले आहे, आणि तटाच्या आत मोटारींना सहसा मज्जाव असल्यामुळे विजेवर चालणाऱ्या उघड्या गाड्यांतून वेशीपासून पुढे जावे लागते. रस्त्यांतून हिंडण्यास पैसे पडत नाहीत. तट, कचेरी, पेढ्या आणि देवळे यांच्यासाठी मात्र सामायिक तिकीट काढावे लागते. वाटाडे पुष्कळ मिळतात, आणि त्यांतील बहुतेक जण प्रवाशाला पश्चिम रस्त्यावरील प्रसिद्ध पेढीत थेट नेऊ पाहतात. त्यांना नम्रपणे थांबवून प्रथम तट चढावा. कारण गावाची मांडणी उंचावरून एकदा नजरेत भरली, म्हणजे खाली कोणती वास्तू कोठे आणि का आहे याचा उलगडा होण्यास फारसे सांगावे लागत नाही.

आज दिसणारा तट मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या कारकिर्दीत, १३७० साली, जुन्या मातीच्या तटाची व्याप्ती वाढवून उभारण्यात आला. त्याचा परीघ ६ किलोमीटरांहून थोडा अधिक असून उंची १० ते १२ मीटर आहे. तीन बाजूंनी तो सरळ रेषेत जातो, पण दक्षिणेची बाजू तेथून वाहणाऱ्या नदीच्या काठाने वळणे घेत गेलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो करड्या भाजक्या विटांचा वाटतो. परंतु ती वीट हे केवळ चिलखत होय, आणि त्याच्या पोटात थरावर थर देऊन चोपलेली माती भरलेली आहे. हे चोपकाम उत्तर चीनचे फार जुने कसब: फळ्यांच्या साच्यात ओलसर माती थोडथोडी टाकून धुमसाने ठोकावयाची, ती टणक झाली की तिच्यावर पुढचा थर घालावयाचा, आणि भिंत जसजशी वाढेल तसतसा साचा वर सरकवावयाचा. कोरड्या हवेत अशा मातीला जवळजवळ दगडाचे आयुष्य लाभते. मुरणारे पाणी हा तिचा खरा शत्रू, आणि तो शत्रू अजून हयात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शान्सीत अवेळी अतिवृष्टी झाली तेव्हा या तटाच्या आतल्या अंगाचा सुमारे २५ मीटरांचा भाग खचून पडला.

तटाला सहा वेशी आहेत: दक्षिणेस एक, उत्तरेस एक, आणि पूर्व-पश्चिमेस दोन-दोन. प्रत्येक वेशीपुढे आणखी एक तटबंद चौक काढलेला आहे, तो अशा हेतूने, की बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत आलाच, तर पुढचा दरवाजा बंद आणि चोहीकडून वरून मारा अशा कोंडीत त्याने सापडावे. ठरावीक अंतरावर तटाचा भाग बाहेर आलेला असून त्यावर पहाऱ्याचे मनोरे आहेत. अशा बाहेर आलेल्या जागेवरून तटाच्या पायथ्याशी चिकटलेल्या शत्रूवर बाजूने बाण सोडता येत. हे मनोरे ७२ आणि तटाच्या माथ्यावरील जंग्या ३,००० मानल्या जातात, व हे आकडे कन्फ्यूशियसच्या ७२ श्रेष्ठ शिष्यांवरून आणि ३,००० अनुयायांवरून घेतले, असे गावात परंपरेने सांगतात. शिपायांसाठी बांधलेल्या भिंतीवर पंडितांची संख्या कोरून ठेवण्याची ही इच्छा मला मोठी बोलकी वाटते. आणि ती एकाकी नाही, कारण तटाच्या आग्नेय कोपऱ्यावर परीक्षांत यश देणाऱ्या देवतेचा एक मनोराही मुद्दाम उभारलेला आहे.

तटावरून पाहताना वाटाडा हटकून कासवाची गोष्ट सांगतो, आणि ती ऐकण्याजोगी आहे. दीर्घायुष्याचे चिन्ह असलेल्या कासवाच्या आकारावर हे गाव रचले असून दक्षिणेची वेस हे त्याचे मस्तक, वेशीबाहेरच्या दोन विहिरी हे डोळे, उत्तरेची वेस ही शेपटी आणि उरलेल्या चार वेशी हे पाय, अशी समजूत आहे. त्यांपैकी तिघींचे बाहेरचे दरवाजे दक्षिणेकडे वळलेले आहेत, म्हणजे कासव पुढे चालले आहे. पूर्वेच्या खालच्या वेशीचा दरवाजा मात्र सरळ बाहेर उघडतो, कारण गावाचे भाग्य घेऊन कासव निघून जाऊ नये म्हणून त्याचा तो पाय ताणून वीस ली (ली हे अंतराचे चिनी माप) अंतरावरच्या एका मनोऱ्याला दोराने बांधून टाकला, अशी कथा आहे. लक्ष्मी गावातून निघून जाईल ही भीती त्या कथेत आहे, आणि ती भीती पुढे कशी खरी ठरली ते ओघाने येईलच.

तट उतरून दक्षिणेच्या रस्त्याला लागले की सुमारे साडेअठरा मीटर उंचीचा, रस्त्यावरच कमान करून उभा असलेला बाजार-मनोरा समोर येतो. या रस्त्याच्या दोन्ही हातांना गावाच्या मुख्य संस्था जोडीजोडीने वाटलेल्या आहेत. दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्या अधिपतीच्या डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, चिनी शिष्टाचारात अधिक मान असल्यामुळे कन्फ्यूशियसचे मंदिर आणि नगरदेवतेचे मंदिर त्या बाजूस आले. युद्धदेवतेचे स्थान आणि सरकारी कचेरी पश्चिमेस गेली. कन्फ्यूशियसच्या मंदिराचा मुख्य मंडप ११६३ सालचा असून त्या ऋषितुल्य पुरुषाच्या चीनमधील विद्यमान मंदिरांत इतका जुना मंडप दुसरा नाही. नगरदेवता म्हणजे त्या गावचा अदृश्य मामलेदार. जिवंत रयतेचा न्याय कचेरीत आणि मेलेल्यांचा न्याय या देवळात, अशी विभागणी असे, आणि नव्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने कारभार हाती घेण्यापूर्वी नगरदेवतेपुढे हजर होऊन सचोटीची शपथ घ्यावी असा जुन्या चीनमध्ये रिवाज होता.

कचेरीचे आवार २६,००० चौरस मीटरांहून मोठे आहे आणि त्यातील सर्वांत जुनी इमारत १३४६ सालची आहे. दरबाराच्या मोठ्या दालनापुढच्या चौकात दोन्ही अंगांना सहा खात्यांची दफ्तरे आहेत: नेमणुका, वसूल, धर्मविधी, लष्कर, फौजदारी आणि बांधकाम. बीजिंगच्या दरबारात जी सहा मंत्रालये असत त्यांचीच ही तालुक्यापुरती लहान प्रतिकृती होय. बाजूला तुरुंग आहे आणि मागे अधिकाऱ्याचे बिऱ्हाड आहे. प्रवाशांसाठी जुन्या खटल्यांचा देखावा येथे करून दाखवितात. तो पाहावा, पण त्याहून एक गोष्ट ध्यानात धरावी. साम्राज्याच्या कायद्याप्रमाणे कोणाही अधिकाऱ्यास स्वतःच्या प्रांतात नेमीत नसत, आणि काही वर्षांनी त्याची बदली होत असे. नातेवाईक व गोतावळा यांच्या दडपणाखाली न्याय व वसूल नासू नये हा त्यामागील हेतू उघड आहे. थोडक्यात, सरकारचा विश्वास परक्या माणसावर होता. गावाशी ज्याचे काही नाते नाही तोच गावाचा धनी.

हे मनात ठेवून आता पश्चिम रस्त्यावर यावे. येथे अरुंद दर्शनी भागाची, पण एकामागे एक चौक घेत खोलवर गेलेली एक इमारत आहे. १८२३ मध्ये या जागी रिशेंगचांग नावाची पेढी सुरू झाली, आणि मुख्यत्वे पैशाची पाठवणी करणारी चीनमधील पहिली पेढी म्हणून इतिहास तिला ओळखतो. तिचे महत्त्व समजण्यासाठी आधीची अडचण समजली पाहिजे. त्या काळी चीनमधील मोठे व्यवहार चांदीच्या लगडींत होत. लगडीचे मोल वजनावर आणि कसावर ठरे. वजनाचे एकक जे तेल, ते साधारण ३७ ग्रॅमचे असले तरी प्रत्येक गावाचा तराजू थोडा निराळा, आणि कस तर लगडीगणिक निराळा. ही चांदी हजार-हजार मैल न्यावयाची म्हणजे खेचरांचा तांडा, त्याबरोबर शस्त्रधारी रखवालदार, आणि एवढे करूनही दरोड्याची धास्ती कायमच. असे रखवालदार पुरविणारी घराणी व त्यांचे वाडेही याच गावात आहेत, आणि एखादा वाडा प्रवाशांना पाहताही येतो. शान्सीचे व्यापारी तर मंगोलियापासून दक्षिणेच्या बंदरांपर्यंत मीठ, चहा, कापड यांचा व्यापार करीत. जमीन थोडी, तोंडे फार, म्हणून घरटी एखादा मुलगा दूरदेशी, अशी या प्रांताची स्थिती होती.

पिंगयाओत शियूचेंग नावाचे रंगांचे एक मोठे दुकान होते आणि त्याची शाखा बीजिंगमध्ये होती. राजधानीत धंदा करणारे या भागातील लोक वर्षअखेरीस घरी पैसे धाडताना त्या शाखेत चांदी भरू लागले, आणि त्यांच्या घरच्या मंडळींना तेवढी चांदी पिंगयाओच्या दुकानातून मिळू लागली. प्रथम हा स्नेहाचा भाग होता. मग त्यावर थोडी हुंडणावळ घेतली जाऊ लागली. दुकानाचा कारभारी लेई ल्यूताई याने ओळखले, की रंगापेक्षा यात अधिक प्राप्ती आहे, आणि मालक ली दाच्युआन याला वळवून त्याने ३ लाख तेल चांदीच्या भांडवलावर केवळ याच कामाची पेढी उघडली.

हुंडी आपल्याकडे याहून पुष्कळ जुनी. पेशवाईत दूरच्या मुलखातला वसूल सावकारांच्या हुंड्यांवरून पुण्यास पोचत असे, म्हणून या कागदाचे तत्त्व मराठी वाचकाला फोड करून सांगण्याचे कारण नाही. लेई ल्यूताईचे वैशिष्ट्य असे, की हुंडीच्या दोन्ही टोकांना त्याने एकाच पेढीची माणसे बसविली. शाखा वाढत जाऊन तीस-पस्तीस शहरांत पसरल्या. प्रत्येक शाखेत पेढीचा स्वतःचा प्रमाण तराजू मानून गावोगावच्या वजनांचा आणि कसांचा हिशेब त्याच्याशी लावलेला असे, आणि एका शहरात चांदी शिल्लक व दुसऱ्यात तूट असे दिसले की पत्रे धाडून हुंड्यांचा ओघ त्या मानाने वळविला जाई, त्यामुळे प्रत्यक्ष चांदी हलविण्याचा प्रसंग क्वचितच उरे.

बनावट हुंडीविरुद्धची योजना या पेढीत मांडून ठेवलेली आहे, आणि तेथे प्रवाशाने घाई करू नये. हुंडीचा कागद खास बनविलेला, धरून पाहिले असता त्यात पेढीचे नाव उमटलेले दिसे. लिहिणारा नेमलेला एकच कारकून, आणि त्याच्या हस्ताक्षराचा नमुना सर्व शाखांत ठेवलेला. याहून बिकट कुलूप सांकेतिक अक्षरांचे होते. बारा अक्षरांच्या एका वाक्यातील एकेक अक्षर एकेका महिन्यासाठी, दुसऱ्या तीस अक्षरांतील एकेक तिथीसाठी, आणखी काही अक्षरे रकमेच्या आकड्यांसाठी. तऱ्हा अशी, की कागदावर निरर्थक दिसणारी ती अक्षरे पेढीच्या माणसाने वाचली म्हणजे तारीख व रक्कम आपोआप जुळावी. महिन्यांच्या अशा एका वाक्याचा आशय खोट्या हुंडीपासून सावध राहा आणि लेख व शिक्के बारकाईने तपासा असाच होता. हे वाक्य पाठ असे, लिहून ठेवलेले नसे, आणि काही काळाने सगळे संकेत बदलले जात.

परंतु कागद आणि संकेत सांभाळणारा माणूस फिरला तर ही सारी कुलपे व्यर्थ. म्हणून पेढीची खरी कला माणसे निवडण्यात होती, आणि ती सरकारच्या अगदी उलट होती. कचेरी परक्याला बोलावी, पेढी फक्त आपल्या मुलखातला मुलगा घेई. उमेदवाराला जामीन लागे, आणि जामीन राहणारा त्याच्या अपराधाला उत्तरदायी असे. काही वर्षे तो झाडलोट, पाणी भरणे, अक्षर वळविणे, अबॅकसवर गणित करणे यांत घालवी. शाखेवर पाठविताना कुटुंब बरोबर नेण्याची मुभा नसे; बायकामुले पिंगयाओच्या परिसरात, पेढीच्या नजरेखाली राहत आणि कारकून साधारण तीन वर्षांनी रजेवर घरी येई. जुगार, अफू, परस्थळी लग्न या सर्वांना बंदी असे. हा जाच थोडा नव्हता, आणि त्या वाड्यांतून वर्षानुवर्षे एकट्या राहिलेल्या स्त्रियांचा भार त्या पेढीच्या कोणत्याही खातेवहीत मांडलेला नाही, ही गोष्ट कौतुकाच्या भरात विसरता कामा नये.

याच्या मोबदल्यात पेढीने जे दिले तेही असाधारण होते. मालकाचे हिस्से चांदीचे, तसे नोकरांचेही हिस्से असत, आणि ते भांडवल न घालता केवळ श्रमांवर मिळत. कामाची योग्यता व सेवेचा काळ पाहून हिस्सा वाढे, तीन-चार वर्षांनी हिशेब होऊन नफा वाटला जाई, आणि हिस्सेदार नोकर वारला तर त्याच्या घरच्यांना आणखी काही वर्षे वाटा पोचे. तोटा मात्र मालकाचा. आणि मालकाने एकदा मुखत्यार नेमल्यावर रोजच्या कारभारात हात घालावयाचा नाही, हा दंडक होता. नोकराच्या मनात धन्याची आस्था उत्पन्न करण्याचा याहून समंजस उपाय त्या शतकात फार थोड्या व्यापाऱ्यांना सुचला असेल.

अर्थात माणसे माणसेच होती. लेईचा दुय्यम कारभारी माओ होंगह्वेई याचे त्याच्याशी बिनसले, तो बाहेर पडला, आणि वेईताईहोऊ या शेजारच्या कापडाच्या दुकानाची त्याने प्रतिस्पर्धी पेढी करून टाकली. दोघांनी वैराने एकमेकांची नावे आपापल्या मुला-नातवांना ठेवली, म्हणजे त्या नावाने घरात यथेच्छ ओरडता यावे, असे गावात अजून सांगतात. वैराने गावाचे नुकसान मात्र झाले नाही. पेढ्या वाढत वाढत एकट्या पिंगयाओत २२ झाल्या. पुढे ताइपिंग नावाच्या मोठ्या बंडाने रस्ते बंद झाल्यावर प्रांतांचा सरकारी वसूल राजधानीस पोचविण्याचे काम या पेढ्यांकडे आले. १९०० साली परकीय फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, दरबार शान्सीमार्गे शीआनकडे पळाला, राजधानीतल्या शाखा लुटल्या गेल्या. तरीही ज्यांनी हुंड्या दाखविल्या त्यांना शान्सीच्या पेढ्यांनी पैसे दिले, आणि त्यांची पत दुणावली.

अशा शिखरावरून उतरण्यास पुढे फार वेळ लागला नाही. सरकारशी जडलेला संबंधच अखेर घातक ठरला. १९११ च्या क्रांतीत राजवट कोसळली, सरदार-अधिकाऱ्यांना दिलेली कर्जे बुडाली, ठेवीदार मात्र दाराशी उभे राहिले. जुन्या पेढ्यांनी एकत्र होऊन आधुनिक बँक काढावी असे काही जाणत्या कारभाऱ्यांनी आधीच सुचविले होते. ते वरिष्ठांनी मानले नाही. १९१४ मध्ये रिशेंगचांगने दिवाळे काढले. कासव दोर तोडून निघून गेले.

आणि त्यामुळेच गाव वाचले. चीनच्या इतर शहरांनी विसाव्या शतकात पैसा हाती येताच तट पाडून रस्ते रुंद केले. पिंगयाओपाशी तेवढी ऐपत उरली नव्हती. १९८० च्या सुमारास ती थोडी आली तेव्हा जुन्या वस्तीतून रुंद हमरस्ते काढण्याची योजना तेथेही आखण्यात आली आणि पाडापाडीस आरंभही झाला होता. शांघायच्या थोंगजी विद्यापीठातील नगररचनेचे अध्यापक र्वान यिसान यांनी १९८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे जाऊन दुसरा आराखडा तयार केला: जुने गाव जसेच्या तसे राखावे आणि नवी वस्ती तटाबाहेर वाढवावी. बीजिंगच्या वजनदार तज्ज्ञांचा पाठिंबा मिळवून त्यांनी तो मान्य करून घेतला. १९९७ मध्ये युनेस्कोने पिंगयाओला जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्याचे श्रेय त्या निर्णयाला आहे. आणि आपल्याकडील जुन्या पेठांचे वाडे डोळ्यांदेखत पडत असता हा वृत्तान्त वाचताना मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही.

रात्री तटाच्या आतल्या एखाद्या वाड्यातच उतरावे. अशा वाड्यांत पुष्कळ खाणावळी व विश्रामगृहे आहेत. चौकाभोवती खोल्या, मागील मुख्य खोल्या विटांच्या कमानीच्या, झोपण्यास खालून ऊब देता येणारा विटांचा ओटा, आणि बाजूच्या छपरांचा उतार केवळ आतल्या बाजूस, कारण पावसाचे पाणी हे धन असून ते दुसऱ्याच्या अंगणात पडू देऊ नये अशी धारणा. जेवणात ज्वारीच्या जातीच्या धान्यापासून मुरविलेला शान्सीचा काळा सिरका प्रत्येक पदार्थासोबत येतो. शाकाहारी मनुष्याने ओटच्या पिठाच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उभ्या रचून उकडलेल्या सुरळ्या मागवाव्या.

दुसरा दिवस गावाबाहेरच्या दोन बौद्ध मंदिरांसाठी राखून ठेवावा. नैर्ऋत्येस सुमारे ६ किलोमीटरांवर श्वांगलिन आहे. कुशीनगरच्या ज्या जोड शालवृक्षांखाली तथागताने देह ठेवला त्यांच्यावरून हे नाव पडले. ५७१ साली त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा लेख आहे, पण तेथील २,००० हून अधिक रंगीत मृण्मूर्ती बहुतांशी मिंग काळातील आहेत. त्यांत वेईथुओ या रक्षकदेवतेची, जिचे नाते अभ्यासक आपल्या स्कंदाशी जोडतात, एक मूर्ती आहे: शरीर एका दिशेस वळलेले, मान दुसरीकडे, आणि त्या पिळात असा आवेग, की मातीचा तोल कसा राहिला याचा अचंबा वाटावा. ईशान्येस १२ किलोमीटरांवरील झेनग्वो मंदिराचा मंडप ९६३ सालचा, म्हणजे चीनमधील अत्यंत जुन्या लाकडी वास्तूंपैकी एक. मंडप लहान आहे, पण खांबांच्या माथ्यावर एकात एक गुंतविलेल्या तोड्यांची उंची खुद्द खांबांच्या अर्ध्याहून अधिक भरते, आणि त्यांच्याच आधाराने छपराची वळचण भिंतीच्या कितीतरी बाहेर गेली आहे. आतील ११ मूर्ती मंडपाच्याच वयाच्या आहेत. ही दोन मंदिरे गावाच्या परस्परविरुद्ध दिशांना असल्यामुळे सकाळी एक व दुपारी दुसरे असा बेत ठेवावा. एकच साधणार असेल, तर मूर्तिकलेची आवड असणाऱ्याने श्वांगलिन आणि लाकूडकामाची जाण असणाऱ्याने झेनग्वो निवडावे.